गल्लीतल्या पोरांचा उन्हाळी एमटीबी (माउंटन बायकिंगचा) कॅम्प आपला आपण कसा घ्यायचा (कोल्हापूरकरांसाठी)

परीक्षा संपली की दोन-तीन दिवसात घराघरात एकच प्रश्न, आता या पोरांचं करायचं काय. पोहायच्या टँकवर गर्दी, क्रिकेटच्या नेटला नंबर लागेना, आणि उरलेली मोबाईल घेऊन पंख्याखाली आडवी. सायकल मात्र जवळजवळ प्रत्येक जिन्याखाली उभी असते, हवा गेलेली, चेनला गंज चढलेला. आणि आपलं गाव असं आहे की कुठल्याबी टोकाला गेलं तरी अर्ध्या तासात माळ, मुरमाचा रस्ता नायतर टेकडी लागते. म्हणजे कॅम्पला जे लागतं त्यातलं निम्मं आधीच आपल्याकडं आहे. उरलेलं निम्मं कसं जमवायचं ते सांगतो. १०-१२ पोरं, आठ सकाळी, तीन-चार मोठी माणसं, वय साधारण ८ ते १४, एवढं डोक्यात धरून लिहितोय. तालमीतर्फे घ्या, कॉलनीतर्फे घ्या, चार मित्रांनी मिळून घ्या, पद्धत तीच.

सगळ्यात आधी एक गोष्ट पालकांच्या ग्रुपवर टाकून मोकळे व्हा, पहिले चार दिवस डोंगर नाही. कुणीतरी म्हणणारच, अहो माउंटन बायकिंग म्हणता आणि ग्राउंडवर गोल गोल काय फिरवताय. फिरवायचं. चढ कुणीबी चढतंय, दम लागला की पोरगं उतरतंय आणि सायकल ढकलत नेतंय, त्यात काय होत नाही. सगळी भानगड उतारावर असते, आणि उतारावर कामाला येतो फक्त ब्रेक आणि नजर. ते दोन्ही सपाट ग्राउंडवरच शिकवता येतात. ज्या कॅम्पच्या जाहिरातीत पहिल्याच दिवशी पन्हाळ्याचा फोटो असतो तिथं मी तरी माझं पोरगं पाठवणार नाही.

तारखा. स्टेट बोर्डची सुट्टी आणि सीबीएसईची सुट्टी जुळत नाही, त्यामुळं मे चा पहिला पंधरवडा धरला तर दोन्हीकडची पोरं मिळतात. एप्रिलमध्ये घेणार असाल तर चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा कधी आहे ते आधी बघा, त्या दिवसांत केर्लीकडनं, गिरोलीकडनं सगळीकडनं माणूस वर जात असतो, सायकल घेऊन त्यात घुसायचं काम नाही. मे च्या शेवटाला गेलात तर वळीव रोज दुपारनंतर गाठतो आणि मग पावसाळाच.

वेळ सकाळी सहा ते साडेआठ, लई झालं तर नऊ. नऊच्या पुढं एक मिनिट नाही. मे मध्ये पारा ३८-३९ ला टेकतो आणि माळावर सावली म्हणून काही नसते, मुरूम खालनं तापतो ते वेगळंच. संध्याकाळचा कॅम्प घ्यायचा विचार करत असाल तर नको, कारण वळीव. दुपारपर्यंत कडक ऊन, चारला ढग, पाचला वारा सुटून विजा, हे आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये ठरलेलं आहे आणि उघड्या माळावर १२ पोरं आणि १२ लोखंडी सायकली घेऊन उभं राहायला लागू नये. सकाळी सहसा हे होत नाही, पण तरी ढगांचा आवाज ऐकू आला की त्या क्षणी राईड बंद, माथ्यावरनं खाली यायचं, एकट्या झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या इमारतीत नायतर बंद गाडीत बसायचं, आणि शेवटचा गडगडाट झाल्यावर अर्धा तास तरी बाहेर पडायचं नाही.

आता सायकल. पहिलं म्हणजे नवीन घ्यायला लावू नका. कॅम्पची बातमी गेली की पालक दुकानात जाऊन पुढं शॉकअप, मागं शॉकअप, दोन्हीकडं डिस्क असली चकाचक सायकल घेऊन येतात, १५ हजाराची, आणि ती इतकी जड असते की पोराला उचलून गटार ओलांडता येत नाही. स्वस्तातला मागचा शॉकअप हा नुसता वजन वाढवायचा धंदा आहे, स्पष्ट सांगतो. साधी, हलकी, चांगले ब्रेक असलेली, जरा रुंद टायरची सायकल असली की आठ दिवसाचा कॅम्प आरामात होतो. गिअर असले तर चांगलं, नसले तर चढावर ढकलत न्यायची.

साईजचं मात्र काटेकोर बघा. आपल्याकडं 'वाढतं अंग आहे' म्हणून दोन नंबर मोठी सायकल घ्यायची सवय आहे, शाळेच्या शूजसारखी. रस्त्यावर ते खपून जातं, मुरमावर नाही. साधारण अंदाज असा, उंची ११५ ते १३० सेंटीमीटर असेल तर २० इंची चाक, १३० ते १४५ ला २४ इंची, त्याच्या वर २६ किंवा २७.५. पण इंचापेक्षा ही टेस्ट सोपी, सीटच्या पुढं दांड्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकवून उभं करा, दांडा आणि पोराच्या मध्ये तीन-चार बोटं तरी जागा पाहिजे. नसेल तर ती सायकल त्या पोराची नाही, मोठ्या भावाची आहे, ठेवून द्या.

पहिल्या दिवशी ग्राउंडवर एक सायकल मिस्त्री बोलवा. गल्लीच्या कोपऱ्यावरचे पंक्चरवाले काका चालतील, किंबहुना तेच चांगले, त्यांना दोन तासाचे पैसे द्या आणि पोरांच्या समोर सगळ्या सायकली चेक करून घ्या. काय बघायचं, तर ब्रेकचे रबर झिजलेत का आणि ते रिमवरच बसतात का टायरला घासतात, ब्रेकची वायर तुटायला आलीय का, चाकाला आऊट आहे का, म्हणजे फिरताना डोलतंय का, पुढच्या चाकाचे नट घट्ट आहेत का. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे नटाऐवजी पट्टीनं घट्ट होणारं असेल तर ती पट्टी नीट बंद आहे का हे रोज बघायचं, रोज, कारण पोरं ती फिरवून खेळतात. हँडल धरून पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढं-मागं हलवली की टकटक वाजतंय का, वाजत असेल तर बाऊल, म्हणजे हँडलच्या खालचं बेअरिंग ढिलं. स्टँड, कॅरिअर, बास्केट, घंटीशिवायची सगळी खुळखुळणारी चीज काढून टाका. मडगार्ड पत्र्याचे असतील तर तेबी काढा.

आणि एक गोष्ट जी मिस्त्रीसुद्धा बघत नाही ती म्हणजे हँडलच्या टोकाचं रबर. फाटून आतली पाईप बाहेर आली असेल तर पडल्यावर ती उघडी नळी थेट पोटात बसते. वरनं नुसता गोल वळ दिसतो आणि आत लिव्हर, प्लीहा, आतडं कुठंतरी मार लागलेला असतो. ग्रिपची जोडी शंभर-दीडशेला मिळते. फाटके ग्रिप घेऊन आलेल्या पोराला त्या दिवशी सायकल चालवू द्यायची नाही, बापानं कितीबी फोन केला तरी.

हवा रस्त्यापेक्षा कमी. आपले पंपवाले टायर दगडासारखा करून देतात, तसं मुरमावर चाललं की सायकल उड्या मारते आणि घसरते. अंगठ्यानं दाबल्यावर जरासा दबला पाहिजे. पोराच्या वजनाप्रमाणं २५ ते ३० पीएसआय पुरतंय, त्याच्यापेक्षा खूप खाली गेलात तर दगडावर ट्यूब रिमला चेपून पंक्चर होते, आणि तसल्या पंक्चरला शेजारी शेजारी दोन भोकं असतात, पोरांना दाखवा, मजा वाटते त्यांना.

हेल्मेटशिवाय कोण नाही, शिकवणाऱ्यासकट. मोटरसायकलचं हेल्मेट चालत नाही, जड असतं, वारा लागत नाही, मान दुखते. सायकलचंच पाहिजे, आत ईएन १०७८ किंवा सीपीएससी असा शिक्का बघून घ्या. घालायची पद्धत, भुवईच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा इंग्रजी व्ही, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढं घट्ट. निम्मी पोरं ते मागं सरकवून टोपीसारखं घालतात, कपाळ उघडं, मग त्याचा उपयोग काय. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट परत वापरायचं नाही, बाहेरनं चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. बाकी बूट पाहिजेत, चप्पल-सँडल नाही, लेस आत खोचलेली, उजवा पायजमा गुंडाळलेला नायतर रबर लावलेला. मुलींच्या ओढण्या घरी. हातमोजे असले तर उत्तम, पडताना हात आधी टेकतो.

जागा कुठली. पहिले चार दिवस तपोवनचं मैदान नायतर तुमच्या भागातलं कुठलंबी मोकळं मातीचं ग्राउंड, फक्त सकाळी तिथं क्रिकेटवाले आणि गाडी शिकणारे किती असतात ते आधी एक दिवस जाऊन बघा. रंकाळ्याच्या ट्रॅकवर नको, चालणारी माणसं आणि आजी-आजोबा असतात. युनिव्हर्सिटीचा परिसर छान आहे पण परवानगीशिवाय पोरांचा घोळका घेऊन जाऊ नका. पाचव्या दिवसापासनं शेंडा पार्कचा माळ, मग चित्रनगरीच्या मागं कंदलगावकडं जाणारे मुरमाचे रस्ते, मग कळंब्याच्या पुढं कात्यायनीचा डोंगर. चढत्या क्रमानं अवघड आहेत हे. सादळे-मादळेचा घाट मोठ्या सायकलवाल्यांचा आवडता आहे पण तो डांबरी आहे आणि उतारावर वेग फार पकडतो, १२ च्या आतल्या पोरांना मी नेणार नाही.

कुठलीबी जागा ठरवली की आदल्या आठवड्यात मोठ्यांपैकी दोघांनी त्याच वेळेला, सकाळी साडेसहाला, सायकलवरनं जाऊन यायचं. गाडीवरनं नाही. गाडीवरनं गेल्यावर चढ कळत नाही आणि कुत्रीबी वेगळी वागतात. कुठं कुत्र्यांची टोळी आहे, कुठं खाणीचा खड्डा उघडा आहे, कुठं डंपर फिरतात, कुठं मोबाईलला रेंज नाही, कुठल्या वस्तीवर पाणी मिळतं, सगळं लिहून काढा. रान खाजगी असेल तर मालकाला विचारा. आपल्याकडची माणसं नाही म्हणत नाहीत, पण न विचारता पोरं शाळू-भुईमुगाच्या रानातनं सायकल घालायला लागली तर काठी घेऊन मागं लागतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

आता मुख्य, शिकवायचं काय.

ब्रेकपासनं सुरुवात. आधी सायकलवर बसायचंच नाही. सायकल शेजारी धरून चालायचं आणि नुसता पुढचा ब्रेक दाबायचा, मागचं चाक वर उचलतं. मग नुसता मागचा, मागचं चाक खरडत जातं. प्रत्येकानं दोन्ही चार-चार वेळा करायचं. यातनं पोराला शब्दाशिवाय कळतं की थांबवायची ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे पण तो एकदम दाबला तर तोंडावर पडणार, आणि मागचा सेफ वाटतो पण नुसत्या त्याच्यावर सायकल लवकर थांबत नाही. आपल्याकडच्या बहुतेक सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, पण बाहेरनं आलेल्या काही सायकलींना उलटा असतो, म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येक सायकलचा बघून पोराच्या लक्षात आणून द्या. घरी बऱ्याच जणांना 'पुढचा ब्रेक मारायचाच नाही, पालथा पडशील' असं शिकवलेलं असतं, ते आधी डोक्यातनं काढायला लागतंय.

मग फक्कीनं एक रेघ मारायची. वीस-पंचवीस पावलांवरनं यायचं, दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत, पुढचं चाक बरोबर रेघेवर थांबलं पाहिजे, चाक न खरडता. खरडलं की आऊट. पोरांना खरडायला फार आवडतं, मागचं चाक फरफटवत धुरळा उडवणं ही त्यांच्या दृष्टीनं स्टाईल, पण फरफटणारं चाक म्हणजे ताबा गेलेलं चाक, शिवाय रस्त्याला चर पडतो आणि पहिल्या पावसात तिथनंच पाणी वाहायला लागतं. या खेळात पॉइंट द्या, दोन टीम करा, तास कसा जातो कळत नाही. ब्रेक दाबताना एक किंवा दोन बोटं लिव्हरवर, बाकीची हँडलवर. लहान हाताला लिव्हर लांब पडत असेल तर लिव्हरपाशी एक बारका स्क्रू असतो, तो फिरवला की लिव्हर जवळ येतो. हा स्क्रू निम्म्या पालकांना माहीत नसतो, आणि पोरगं ब्रेक मारत नाही म्हणून ओरडत असतात, अहो त्याचं बोटच पोचत नाही.

ही सगळी कटकट पहिल्यापासनंच आहे बरं का या खेळात. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात मरीन काउंटीत काही पोरं जुन्या जाड टायरच्या जड सायकली माउंट टॅमलपायसच्या परिसरातल्या मातीच्या रस्त्यांवरनं खाली सोडायची. पेडल उलटं मारून लागणारे मागचे ब्रेक होते त्यांना, आणि एका उतारातच ते इतके तापायचे की हबमधलं ग्रीस जळून जायचं, खाली आल्यावर परत भरायला लागायचं. १९७६ पासनं तिथं शर्यती सुरू झाल्या, आणि १९९६ ला अटलांटात हा खेळ ऑलिंपिकला गेला. पोरांना ही गोष्ट सांगा, पाणी प्यायच्या ब्रेकमध्ये, त्यांना ग्रीस जळायचं हे फार भारी वाटतं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं राहणं. उतारावर आणि खडबडीत ठिकाणी सीटवर बसायचं नाही, पेडलवर उभं राहायचं, दोन्ही पेडल एका लेव्हलला, गुडघे आणि कोपर जरा वाकलेले, ढुंगण सीटच्या किंचित मागं, नजर लांब. एक पेडल खाली लोंबतं ठेवलं की ते दगडाला अडकतं, एवढ्या एका सवयीनं लई पोरं पडतात. उताराला सीट खाली करून द्या, मागं सरकायला जागा मिळते. चढाला वर.

नजर म्हणजे काय तर चाकाकडं बघायचं नाही. दगडाकडं बघितलं की सायकल दगडावरच जाते, मोठ्यांचंबी तसंच होतं. समोर उभं राहून बोटं दाखवा, पोरानं चालवता चालवता किती बोटं ते ओरडून सांगायचं. साधा खेळ आहे पण मान वर राहते.

वळण. वळणाच्या आधी, सायकल सरळ असतानाच ब्रेक मारून वेग कमी करायचा, वळणात ब्रेक सोडायचा. बाहेरच्या बाजूचा पाय खाली, त्याच्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाला. सुट्या मुरमावर वळता वळता पुढचा ब्रेक मारला की पुढचं चाक घसरलंच समजा, आणि पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळ मिळत नाही. बाटल्या उभ्या करून आठच्या आकड्यात फिरवा.

गिअरचं थोडक्यात, चढ यायच्या आधी हलका करायचा, चढावर जोर मारत असताना टाकला की कडकड करून चेन पडते. पडलेली चेन बसवायला प्रत्येकाला शिकवा, हात काळे होऊ देत.

आणि आपली स्लो सायकल! गॅदरिंगमध्ये, गणपतीत जी लावतात ती. पाय न टेकवता सगळ्यात शेवटी पोचणारा जिंकला. याच्यासारखा बॅलन्सचा व्यायाम कुठल्या कोचकडं नाही, रोज शेवटची दहा मिनिटं हीच ठेवा. गंमत म्हणजे रस्त्यावर सुसाट जाणारं पोरगं यात पहिल्या तीन सेकंदात पाय टेकवतंय आणि एखादी गप्प बसणारी पोरगी जिंकून जाते.

माळावर गेल्यावर माणसं कशी लावायची. एक मोठा सगळ्यात पुढं, त्याला कुणी ओलांडायचं नाही. एक सगळ्यात मागं, त्याच्या मागं कुणी राहायचं नाही. पाच-सहा पोरांमागं एक मोठा हे कमीत कमी, उतार असेल तर अजून एक. सगळ्यात हळू चालणारं पोरगं पुढच्या माणसाच्या लगेच मागं ठेवायचं, शेवटी नाही. शेवटी ठेवलं की बाकीचे थांबून, पाणी पिऊन, गप्पा मारून ताजेतवाने आणि हे धापा टाकत पोचतंय तोवर 'चला निघूया', त्याला विश्रांतीच मिळत नाही, दुसऱ्या दिवशी ते येत नाही. रस्त्याला फाटा फुटला की पुढच्यानं थांबायचं, सगळे दिसल्याशिवाय हलायचं नाही. प्रत्येक थांब्याला डोकी मोजा, तोंडानं, मोठ्यानं. उतार आला की सगळ्यांना वर थांबवून एकेकाला सोडायचं, खाली आणि वळणावर एकेक मोठा उभा, पहिला खाली पोचून बाजूला झाला की दुसरा. स्टॉपवॉच, कोण पहिला, ॲपवर स्पीड, हे सगळं बंद. आणि उतार भीतीदायक वाटला तर उतरून चालत यायला फुल्ल परवानगी, त्यावर हसणाऱ्यानं पुढचे दोन उतार चालत यायचे, हा नियम आमच्याकडं लई चालतो.

पाणी प्रत्येकाचं स्वतःचं, एक लिटर तरी, आणि तहान लागायची वाट बघायची नाही. ९ ते १२ वयाच्या पोराला उन्हात दर वीस मिनिटांनी १०० ते २५० मिली लागतं, म्हणजे चार-सहा मोठे घोट. शिट्टी मारायची, सगळे थांबून पिणार. ओआरएसची पाकिटं बरोबर ठेवा, एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्यानं सपाट. घरनं येताना रिकाम्या पोटी पाठवू नका, केळं नायतर एक भाकरीचा तुकडा. मध्ये गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याचा लाडू. राईड संपल्यावर थंडगार आंबील, पहिल्या दिवशी नाकं मुरडतात, तिसऱ्या दिवशी भांडं पुरत नाही. कोल्ड्रिंक आणि पाकिटातलं एनर्जी ड्रिंक अजिबात नको. शेवटच्या दिवशी सगळ्यांना मिसळ, हे सांगायला नकोच.

लागणं-बिगणं. खरचटणार, ते गृहीत धरा आणि पालकांना आधी सांगा. बाटलीतल्या स्वच्छ पाण्यानं खडे निघेपर्यंत धुवायचं, मग पट्टी, हळद-माती-पेट्रोल काही लावायचं नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते फॉर्ममध्ये आधीच लिहून घ्या. मनगटावर पडून सूज आली, हात हलवताना ओरडतंय, तर जाड पुठ्ठा किंवा गुंडाळलेला पेपर लावून बांधा आणि एक्सरेला न्या, ओढून-चोळून बघणारे हौशी वैद्य लांब ठेवा. डोक्यावर पडलं आणि नंतर उलटी, झोप येणं, तेच तेच विचारणं, डोकं दुखणं यातलं काहीबी दिसलं तर लगेच दवाखाना, आणि काही दिसलं नाही तरी त्या दिवशी परत सायकल नाही. उन्हानं डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर सावली, अंगावर ओलं फडकं, पाणी. बडबडायला लागलं, शुद्ध हरपतेय असं वाटलं, तर अंगावर पाणी ओतत राहा आणि १०८ ला फोन.

साप. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं असतंय आणि ते मातीच्या रंगाचं असल्यानं दिसत नाही. दगड उलथायचे नाहीत, बिळात काठी घालायची नाही, लघवीला एकट्यानं झुडपात जायचं नाही. चावलंच तर आवळपट्टी नाही, कापणं-चोखणं नाही, मांत्रिक नाही, पोराला चालवायचं नाही, तो हात-पाय हलू द्यायचा नाही आणि सरळ सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे सरकारी दवाखाना) नायतर सापाच्या विषावरची लस असलेलं जवळचं हॉस्पिटल. सगळ्यात जवळचं कुठलं हे रूट ठरवतानाच विचारून ठेवा.

कागदपत्रं कंटाळवाणी पण करा. एका पानाचा फॉर्म, पोराचं नाव, वय, रक्तगट, दमा-फिट-ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, पालकाची सही. दम्याचं पोरगं असेल तर पंप त्याच्या खिशात पाहिजे, घरी नाही. मुली असतील तर मोठ्यांमध्ये एक ताई किंवा काकू पाहिजेच. फोटो फक्त पालकांच्या ग्रुपवर. मोठ्या प्रमाणावर, फी घेऊन कॅम्प चालवणार असाल तर ही गल्लीची गोष्ट राहत नाही, राज्य सरकारनं २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलंय आणि अशा उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असते. आपण घेत नसलो आणि दुसऱ्याच्या कॅम्पला पोरगं पाठवत असलो तरी नोंदणी आहे का, फर्स्ट एड कुणाला येतं आणि किती पोरांमागं किती माणसं, हे तीन प्रश्न फी भरायच्या आधी विचारा. उत्तर द्यायला जो चिडतो त्याला फी भरू नका.

शेवटची मोठी राईड. सगळ्यांना पन्हाळा पाहिजे असतो. कोल्हापूरपासनं वीसेक किलोमीटर आहे, मोठ्यांना काही वाटत नाही, पण रत्नागिरी हायवेची वाहतूक आणि वाघबीळपासनं वरचा घाट, सुट्टीत टुरिस्ट गाड्यांची रांग, त्यात १० वर्षाची पोरं घालू नका. त्यापेक्षा सायकली छोट्या हत्तीत भरून वर न्या. दोन सायकलींच्या मध्ये जुनी गोधडी नायतर गोणपाट, मागच्या गिअरवर वजन येऊ द्यायचं नाही, तो वाकला की दिवस संपला. पोरं वेगळ्या गाडीत, टेम्पोच्या हौद्यात नाही. पन्हाळ्याहून म्हाळुंग्याकडनं मसाई पठारावर जाता येतं, आणि पोरांच्या सायकलला याच्यासारखी जागा आपल्या जिल्ह्यात दुसरी नाही असं माझं मत. वर बऱ्यापैकी सपाट, लांबच लांब जांभ्याचं पठार, मळलेली वाट, गाड्यांचा त्रास कमी. सिद्दी जौहरच्या वेढ्यातनं निसटून १६६० च्या जुलैत शिवाजी महाराज विशाळगडाकडं गेले ते याच पठारावरनं, हे तिथं उभं राहून सांगितलं की चेहरे बघा पोरांचे, भर पावसात, रात्रीचं, या वाटेनं.

पण तिथं सावली नाही, पाणी नाही, म्हणून सहाला वर पाहिजे आणि साडेआठला परत गाडीपाशी. पठार संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय, वनखात्याला आधी भेटून परवानगी घ्या. वाट सोडून सायकल घालायची नाही, मे मध्ये सगळं करपलेलं दिसतं पण पावसाळ्यातली फुलं त्याच पातळ मातीतनं येतात. चूल, शेकोटी, बिडी-काडी काही नाही, वाळलेल्या गवताला एक ठिणगी लागली की वणवा, दरवर्षी डोंगर काळे झालेले बघतोच आपण. कडेपासनं लांब राहायचं, पठार एकदम तुटतं.

परत आल्यावर सायकली तशाच जिन्याखाली जाऊ देऊ नका. शेवटचा अर्धा तास पोरांनाच धुवायला लावा, बादली आणि फडकं, गाड्या धुवायच्या प्रेशरनं नाही, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. चेन पुसून कोरडी करून दोन-दोन थेंब तेल, जादाचं पुसून टाकायचं, नायतर धूळ चिकटते. पावसाळ्यात या पोरांना घेऊन मसाईला किंवा कात्यायनीच्या उतारावर जाऊ नका, जांभ्यावर शेवाळ येतं आणि ब्रेक ओले झाले की रबर धरत नाही. परत ऑक्टोबरात, दसऱ्याच्या सुट्टीत, वाटा वाळल्या की शेंडा पार्कपासनं सुरुवात करा, आणि तोपर्यंत सीट दोन बोटं वर करायला लागेल ते बघून घ्या.